धर्ममाता म्हणून नणंदच हवी

लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीच्या घरात शिरत होते, तेव्हा थोरल्या नणंदेनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. भरल्या घरात म्हणाली, "मेंढरांमागे हिंडलेले पाय ते. आधी बाहेरच्या नळावर घासून ये, मग आत." आमच्या म्हसवडच्या घरातली मेंढरं आजोबांच्या काळातच विकली गेली होती आणि मी औषधांच्या दुकानात नोकरी करत होते. पण टाचा भेगाळलेल्या होत्या, हे खरं. मी पाय घासले आणि वर तिच्याच पाया पडले. त्या दिवशी जे मनात धरलं ते धरलंच.

सासर कॅथलिक. धर्म बदल असं मला कुणी म्हणालं नाही. नवरा तर या विषयावर तोंडच उघडत नसे. पण कैक वर्षं चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, मागच्या बाकावर बसून मला ते सगळं आपलं वाटायला लागलं होतं. सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला रांगेत जात आणि मला तो चालत नसल्यानं मी त्यांच्या पर्सा सांभाळत बसे, ते खुपायचं. शेवटी फादरांकडे जाऊन बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुला मनापास्नं पटतंय न्हवं? मग जा. आपला देव सिद्धनाथ काय रुसून बसायचा न्हाई."

मोठ्या माणसाला नुसतं पाणी ओतून बाप्तिस्मा देत नाहीत. महिनोन्महिने दर रविवारी वर्ग असतो. शिवाय चर्चमधलंच एक माणूस सोबतीला लागतं. बाईला धर्ममाता. तिनं शेजारी बसून प्रार्थना शिकवायच्या आणि ईस्टरच्या आधी फादरांना सांगायचं, ही तयार आहे की नाही. बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी जो पहिला विधी असतो त्यात काय होतं ते फादरांनी वर्गात समजावलं. धर्ममाता अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढते, मग कान, डोळे, ओठ, छाती, खांदे, हात. "आणि शेवटी वाकून पायांवर," फादर म्हणाले. मी ताठ बसले.

पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या मंडळींसमोर नणंदेला गाठलं. "वन्सं, तुमच्याशिवाय मला कोण आहे?" इतकं गोड बोलले की माझंच मला नवल वाटलं. चारचौघांत नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

मग ती दर रविवारी माझ्या शेजारी बसू लागली. प्रार्थनेत शब्द चुकला की चिमटा काढायची. मी सोसलं. विधी जवळ आला तसं टाचांना मलम लावणं बंद केलं आणि घरभर, गल्लीभर अनवाणी हिंडले. नवरा म्हणाला, "अगं, रक्त येतंय टाचेतून." येऊ दे म्हटलं.

विधीच्या दिवशी चपला दाराशी काढून उभी राहिले. नणंद कपाळापासून हातांपर्यंत आली आणि थांबली. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. बाकाला धरून, कण्हत ती खाली बसली आणि भरल्या चर्चमध्ये तिनं माझ्या दोन्ही पायांवर क्रूस काढले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग उठण्यासाठी तिनं माझ्याकडे हात केला. मी तो पाहिला आणि वेदीकडे बघत राहिले. मागच्या बाकावरच्या दोघींनी येऊन तिला उठवलं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ तोंडावर आला. फादरांनी आम्हा दोघींना समोर बसवून तिला विचारलं, "तयार आहे ही?" मी एकही रविवार चुकवला नव्हता, सगळं तोंडपाठ होतं. बाप्तिस्म्यासाठी पांढरी साडीसुद्धा आणून ठेवली होती.

"नाही," नणंद म्हणाली. "पाठ सगळं आहे, फादर. पण माझ्यावर डूख धरून बसलीय. का, ते मला माहीत आहे आणि चूक माझीच होती. तरी ही तयार नाही."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं आणि त्याच तोंडानं माझा ईस्टर हिरावून नेला. तिचा एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर जास्त संताप आला. फादर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, हवी तर दुसरी धर्ममाता शोधू.

मी डोळे पुसले. "नको, फादर," म्हटलं. "मला ह्याच पाहिजेत."