मास्तरांचं पोट आणि बायकोचं लायसन्स

गाडी शिकवण्याच्या धंद्यात मास्तरांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्यांच्या पोटानं एकदाही तक्रार केली नव्हती. हे सोपं काम नव्हे. एका बँकेतल्या साहेबांना चौकात डोळे मिटून घ्यायची सवय होती. एक शिक्षिका ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबायच्या आणि गाडी उसळली की गाडीलाच रागवायच्या. एका गृहस्थांनी तर विजेच्या खांबाला घासल्यावर खाली उतरून खांबाची माफी मागितली होती. मास्तर शेजारी बसलेले असत. त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक असे, आणि चेहऱ्यावर न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची शांती. क्लास संपला की ते डबा उघडून पोटभर जेवत. बाकीच्या मास्तरांना वाटे, या माणसाच्या अंगात भीतीची नसच नाही.

मास्तरांची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. केसाएवढी चूक चालत नाही असं ते काम ती बावीस वर्षं करत होती. एके दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मला गाडी शिकवा."

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता म्हणजे चहा घेतल्यावर नव्हे. पण शिकवा. ताईचं काय झालं बघितलंत ना."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. महिन्यापूर्वी ताईचे यजमान जेवता जेवता कोसळले होते. गाडी दारात, किल्ली हातात, आणि चालवता येत नाही म्हणून ताई रस्त्यावर येईल त्या गाडीला हात करत उभी. कुणीतरी थांबलं, वेळेवर पोहोचले, माणूस वाचला. पण उजवा हात जरा अधू झाला तो झालाच.

"उद्या तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" बायको म्हणाली आणि कप पुढे सरकवला.

मास्तरांनी चहा घेतला. तो नेहमीसारखा खाली गेला नाही, मध्येच कुठंतरी थांबला.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच, असं ठरलं. पहिल्याच मंगळवारी बायकोनं आरसा लावला, पट्टा बांधला, क्लच असा सोडला की गाडीला सुरू झाल्याचं कळलंसुद्धा नाही. मास्तरांनी इतकी चांगली सुरुवात वर्षानुवर्षं बघितली नव्हती. आणि दुसऱ्या सिग्नलला त्यांच्या पोटात गोळा आला. साधासुधा नव्हे. आत कुणीतरी मोठं कपाट ओढतंय असा आवाज झाला.

"इंजिनाचा आहे का?" बायकोनं विचारलं.

"मागच्या गाडीचा," मास्तर म्हणाले. "डावीकडे घे. मला इथं जरा काम आहे."

डावीकडे फर्निचरचं दुकान होतं. मास्तर आत गेले, एका कपाटाची किंमत विचारली, आणि मग जणू सहज आठवलं अशा आवाजात संडास कुठे आहे ते विचारलं.

गुरुवारी पुन्हा तेच. शनिवारीही. मास्तरांनी आधी दूध बंद केलं. मग मिरची बंद केली. मग कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा, मग बाहेरचं पाणी, मग पाव. एकेका पदार्थावर आळ घेता घेता ते भात आणि केळ्यावर येऊन थांबले. आणि गंमत अशी की सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तोच भात आणि तेच केळं मुकाट्यानं पचत होतं.

इकडे बायकोचे रस्ते हळूहळू विचित्र होत चालले होते. मास्तरांनी शहराचा नकाशा मनातल्या मनात नव्यानं काढला होता. पेट्रोल पंप, वाचनालय, फर्निचरचं दुकान, आणि एक बाग, जिचं फाटक सहा वाजता बंद व्हायचं. यांच्यापासून पाच मिनिटांहून लांब जायचं नाही.

"आपण त्याच त्या कपाटाच्या दुकानावरून रोज का जातो?" बायकोनं विचारलं.

"वळण चांगलं आहे तिथलं."

दुकानातला विक्रेता आता मास्तरांना लांबूनच बघून उठून उभा राहायचा. चौथ्या वेळी त्यानं कपाटाच्या किमतीत आपण होऊन सूट दिली. मास्तरांना त्याच्याकडे बघवेना.

शेवटी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. डॉक्टरीणबाई वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण विचारण्यात पक्क्या. त्यांनी एक वही ठेवायला सांगितली. रोज काय खाल्लं, पोट कधी बिघडलं, तेव्हा काय करत होतात, एवढंच लिहायचं.

दोन आठवड्यांनी त्यांनी वही उघडली आणि बोट फिरवत विचारलं, "मंगळवार, गुरुवार, शनिवार. या दिवशी काय असतं?"

"क्लास."

"क्लास तर तुमचा रोज असतो."

मास्तर टेबलाशेजारच्या वजनकाट्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी बायको असते."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं, ते मास्तरांना दिसलं. "म्हणजे मला बायकोची ॲलर्जी आहे?" त्यांनी जरा घुश्शातच विचारलं.

"बायकोची नाही. मनावर ताण आला की पोट बिघडतं, मास्तर. याचा अर्थ तुम्ही नाटक करताय असा नाही. कळा खऱ्या आहेत, धावपळ खरी आहे. फक्त त्याचं मूळ भातात नाही. वजन घटायला लागलं, रक्त दिसलं, रात्री झोपेतून उठावं लागलं तर लगेच या. नाहीतर क्लासआधी दहा मिनिटं चाला, चहा कमी करा, खाणं बंद करू नका. आणि कळ आली की श्वास पोटापर्यंत घ्या, हळूहळू सोडा."

"एवढंच?"

"अजून एक. तिच्या शेजारी बसल्यावर डोक्यात काय येतं ते स्वतःला विचारा. आणि तिला सांगा."

चालणं जमलं. चहाही कमी झाला. तिला सांगणं मात्र मास्तरांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं, आणि तो आठवडा आल्यावर त्याच्या पुढच्यावर. श्वासाचा प्रयोग त्यांनी गाडीतच सुरू केला. पोट फुगवून श्वास घ्यायचा, चार मोजायचे, तोंडानं सावकाश सोडायचा.

दोन चौक गेल्यावर बायको म्हणाली, "असे उसासे टाकू नका. मी नीट चालवतेय."

"उसासे नाहीत ते."

"मग काय आहे?"

"व्यायाम आहे."

"माझ्या क्लासमध्ये तुमचा व्यायाम," बायको म्हणाली आणि पुढचा गियर जरा जोरातच टाकला.

मग तो शनिवार आला. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला होता, आणि त्याच्या मागे गाड्यांची रांग लागली होती. पुढे गाडी, मागे गाडी, बाजूला गाडी. पेट्रोल पंप मागे राहिला होता, वाचनालय पुलापलीकडे, बागेचं फाटक बंद झालेलं. मास्तरांच्या पोटात पुन्हा कपाट सरकलं, आणि या वेळी ते थांबेना. कपाळावर घाम आला. त्यांनी चार मोजले, मग आठ, मग सोळा.

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. "छातीत दुखतंय का?"

"नाही."

"हात जड झालाय? खरं सांगा."

ती इतकी पांढरी पडली होती की मास्तरांचा सगळा धीर, सगळी अब्रू एकदम गळून पडली. "पोट," ते म्हणाले. "पोट बिघडलंय. आजचं नाही, पहिल्या दिवसापासून. ते कपाट मला नको होतं. मी तिथं संडासाला जात होतो."

बायकोनं एक क्षणभर डोळे मिटले, बहुधा देवाचे आभार मानले. मग अगदी चष्म्याचा नंबर विचारावा तशा आवाजात तिनं विचारलं, "किती वेळ निभेल?"

"सहा मिनिटं. सात म्हणजे फार झाली."

तिनं इंडिकेटर दिला. डावीकडच्या गाडीवाल्याकडे बघून हात वर केला, त्यानं वाट दिली, आणि तिनं गाडी शेजारच्या बोळात घातली. तो बोळ मास्तरांनी कधी कुठल्याही शिकाऊ माणसाला दाखवला नसता. एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकलेल्या सायकली. एरवी मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता. त्या दिवशी त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून गुडघे आवळून धरले होते. पाय हलवणं परवडणार नव्हतं.

बोळातून बाहेर पडून गाडी थांबली ती चष्म्याच्या दुकानापुढे. दुकान बंद होतं, पण कुलपाची एक किल्ली बायकोकडे असे. तिनं ती त्यांच्या हातात कोंबली. "मागच्या खोलीत. उजवीकडचं दार. डावीकडं कोठी आहे, तिकडं शिरू नका."

बऱ्याच वेळानं मास्तर मागच्या खोलीतून दुकानात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नव्यानं जन्मल्यासारखा भाव होता. त्यांनी काचेतून बघितलं. दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांची गाडी मागे घेऊन लावलेली होती, पदपथापासून वीतभर, अगदी सरळ. हेच तिला तीन आठवडे जमत नव्हतं.

"हे कुणी लावलं?"

"तुम्ही नव्हता ना शेजारी," बायको म्हणाली. "मग जमलं."

मास्तर डोळे तपासायच्या खुर्चीत बसले. समोर अक्षरांचा तक्ता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, वहीसकट. बायको काउंटरला टेकून ऐकत होती.

"आणि डोक्यात काय येतं?" तिनं विचारलं.

"मी येतो. जेवता जेवता खाली पडलेला. आणि तू गाडी काढतेस."

"मला वाटत होतं तुम्हाला माझ्या चालवण्याची भीती वाटते."

"तुझं चालवणं चांगलं आहे. तोच तर घोटाळा आहे. तू जितकं छान चालवतेस, तितकं मला वाटतं, झाली हिची तयारी, आता आपली वेळ आली."

बायको हसू लागली ती थांबेचना. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "ऐका. ताईचं कारण खरं आहे, पण सगळं खरं नाही. नुसतं शिकवा म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कशाला, मी आहे की सोडायला. म्हणून ते सांगितलं. मला एकटीनं लांब जायचंय. काच खाली करून. कुठे ते ठरलेलं नाही."

"एकटीनं?"

"एकटीनं."

हे ऐकून मास्तरांना हायसं वाटलं आणि किंचित रागही आला. दोन महिने ते स्वतःच्या आजारपणाची धास्ती घेऊन बसले होते, आणि इकडे हिच्या डोक्यात सहल. आत काही सरकतंय का याचा त्यांनी कानोसा घेतला. काही नाही.

त्यानंतर पोट एकदम शहाणं झालं असं मात्र नाही. मंगळवारी ते अजून कुरकुरायचं. पण आता मास्तर सरळ "थांब" म्हणायचे आणि बायको थांबायची, आणि थांबता येतं हे कळल्यावर निम्म्या वेळा थांबायची गरजच पडेना. फर्निचरवाल्याकडून त्यांनी एक स्टूल घेतलं. कपाटाएवढं नाही, पण त्याची भरपाई म्हणून. बायको परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, कारण रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारबाबांना तिनं पुढे व्हा म्हणून हात केला आणि ते गाडीपाशी येऊन गप्पा मारायला लागले. दुसऱ्यांदा ती पास झाली. दोन्ही वेळा मास्तर आरटीओच्या फाटकाबाहेर उभे होते, आणि दोन्ही वेळा त्यांना दोनदा जाऊन यावं लागलं.

शिकायला येणाऱ्यांशी त्यांचं बोलणंही जरा बदललं. आधी ते गियर दाखवून सुरुवात करायचे. आता पहिल्या दिवशी विचारतात, "पोटात कालवतंय का? असेल तर सांगा, लाजू नका. या रस्त्यावर चार जागा आहेत, बागेची सहाला बंद होते." परवा बँकेतल्या साहेबांच्या मुलीनं हे ऐकलं आणि तिचा आवळलेला हात स्टिअरिंगवर सैल पडला.

लायसन्स हातात आल्यावर तिसऱ्या रविवारी बायको ताईकडे निघाली. अडीच तासांचा रस्ता. मास्तरांनी टायरमधली हवा बघितली, काचेवर फडकं मारलं, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभे राहिले. साडेअकराला फोन वाजला.

"पोहोचले," बायको म्हणाली. "तुम्ही कुठे आहात?"

"घरातच."

"घरात कुठे?"

मास्तरांनी घाईनं नळ बंद केला. तिकडून आधी बायकोच्या आणि मग ताईच्याही हसण्याचा आवाज आला, आणि मास्तरांनी दार आतून नीट लागलंय ना ते पुन्हा एकदा बघून घेतलं.