हिराजी कंडक्टरची चौकशी

तिकीट दिल्यावर कंडक्टरने पुढच्या सीटकडे वळावं, अशी जगाची रीत आहे. हिराजी म्हात्रे वळत नसे. पंचाने टक् टक् करून तिकीट आपल्या हातात ठेवलं, की तो तिथेच दांड्याला टेकून विचारायचा, "आपन काय करता?" यावर 'नोकरी' असं उत्तर देणाऱ्याची धडगत नसे. "ती बरीच लोका करतात ओ. दिवसभर करता काय?"

माझी त्याची पहिली भेट अशीच झाली. मी राहायला रोह्यात आणि पेणच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नुकतीच लागलेली. मुळात मी तापट, त्यात सकाळच्या वेळी तर घरातली माणसंही माझ्या वाटेला जात नाहीत. हा बाबा आला.

"शिकवते," मी तुटकपणे म्हटलं.

"उभा ऱ्हाऊन, का बसून?"

"उभं राहून."

"पोरा ऐकतात?"

"काही ऐकतात."

"आन् नाय ऐकत, त्यांचा काय करता?"

"नागोठणं आलं, उतरणारे बघा," असं म्हणून मी त्याला पिटाळलं. पण त्या दिवशी वर्गात पेशीची रचना शिकवताना माझं लक्ष पहिल्यांदा शेवटच्या बाकांकडे गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. म्हटलं, काय भलता माणूस आहे हा! तिकिटाबरोबर डोक्यात भुंगा सोडून गेला.

बरेच दिवस मी त्याला भोचकच समजत होते. उंच, सावळा, बोलताना मान एका बाजूला कलती ठेवणारा. वडखळच्या पुढे खाडीकडे त्याचं गाव. बापजाद्यांनी मिठागरात उन्हं झेललेली, हा पहिलाच नोकरीला लागलेला. गर्दीतून तो असा चालायचा की गाडी खड्ड्यात गेली तरी त्याचा तोल जायचा नाही. म्हाताऱ्या बाईला "बस गो बाय" म्हणून जागा करून द्यायचा आणि लगेच तिच्या टोपलीत काय आहे, ते कसं पिकवतात, किती दिवस टिकतं, याची चौकशी सुरू. ऐकलेलं तो विसरत नसे. महिन्याभराने तीच बाई चढली की "तुझ्या वालाना कीड लागलेली, गेली का?" असं विचारायचा.

या सगळ्यामागे काही कारण आहे हे मला कळलं ते पालकसभेत. त्याची मुलगी दर्शना माझ्याच वर्गात बारावीला होती. हुशार, अबोल, बापासारखीच मान कलती ठेवणारी. सीईटी त्याच वर्षी नव्याने येणार होती. आता बारावीच्या मार्कांवर डॉक्टर-इंजिनिअर होता येणार नाही, चार उत्तरांतून एक निवडायची वेगळी परीक्षा द्यावी लागणार, एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं. सभेत नुसता गलका. मुंबईचा कुठला क्लास लावू, पेन्सिल कुठली लागते, गोल रंगवताना बाहेर गेला तर काय. आम्हा शिक्षकांना तरी कुठे धड माहीत होतं! पण आम्ही माना डोलावत होतो.

तेवढ्यात मागून खाकी कपड्यातला हिराजी उभा राहिला. "मॅडम, डॉक्टर दिवसभर करतो काय?"

सभा खो खो हसली. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, पेशंट तपासतो, दुसरं काय?"

"ते मना बी दिसतोय. पन आत बसून त्याला कसा वाटतो? इंजिनेर सकालपास्नं संध्याकालपर्यंत काय करतो? कोनी बघितलाय का?" आणि मग हसणाऱ्यांकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मी कंडक्टर झालो तेव्हा कंडक्टर काय करतो ते मना कोनी सांगितला नव्हता. जागा निघाली, लागलो. नशीब बरा, काम आवडला. पन पोरीचा जलम मी नशिबावर कसा सोडू?"

हसणं थांबलं नाही, पण माझं थांबलं. पुढ्यात बसलेल्या त्या सगळ्या आईबापांत, आपलं लेकरू नक्की कुठे पोचायला धावतंय हे विचारणारा हा एकटाच निघाला होता.

त्यानंतर मी त्याची चौकशी कान देऊन ऐकायला लागले. धाटावच्या एका कंपनीत रात्रपाळी करून निडीला घरी जाणारा तरुण इंजिनिअर रोज सकाळी आमच्या गाडीला असायचा. त्याने सांगितलं, "पंप बघतो."

"बघता म्हंजे? त्याच्याकडं टक लावून बसता?"

पोरगा भडकला. तोंड फिरवून बसला. दुसऱ्या दिवशी मात्र चढल्या चढल्या त्याने स्वतःच हिराजीला हाक मारली आणि निडी येईपर्यंत पंप म्हणजे काय, तो का तापतो, तापला की आपण हातातला डबा टाकून कसे पळतो, हे हातवारे करून सांगितलं. उतरताना म्हणाला, "हे मला घरीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं हो."

डॉक्टर बघायला तर हा सुट्टीच्या दिवशी पेणमधल्या एका दवाखान्यात जाऊन बसला. सकाळपासून बाकावर. कंपाउंडरने विचारलं, काय होतंय? "काय नाय, बसलोय." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांना वाटलं, माणूस काहीतरी लपवतोय. त्यांनी आत बोलावून जबरदस्तीने रक्तदाब मोजला आणि तो निघाला वाढलेला! हिराजी गोळ्या घेऊन घरी आला. मला सांगताना हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. "गेलतो डॉक्टर बघाया, डॉक्टरनाच मना बघितला!"

पण त्याची खरी कसोटी वेगळी होती. "सकाली काय बघायचा मॅडम? सकाली सगलेच पावडर लावून येतात. मानूस बघावा तो संध्याकालच्या गाडीत. काम त्याला खातोय का पोसतोय, ते परतीच्या गाडीत कलतो." मग तो हळू आवाजात दाखवायचा. हा बघा, साहेब आहे, पण बसल्या बसल्या डोळे मिटतो आणि घर आलं तरी उघडत नाही. ती नर्स बघा, पाय सुजलेत, पण शेजारणीला दिवसभराच्या गमती सांगतेय.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि मी?"

"राग नाय ना येनार?"

"येईल. सांगा."

"सकाली तुमी अशा चढता, जशी काय मीच तुमची झोप मोडली. संध्याकाली मात्र खिडकीतून बघत एकल्याच हसत असता."

त्या दिवसांत मला शिकवण्याचा कंटाळा आला होता. बँकेत वगैरे जावं असं मनात घोळत होतं. ते त्या दिवसापासून मागे पडलं ते पडलंच. मला माझंच तोंड कधी दिसलं नव्हतं, ते या माणसाने दाखवलं. हे ऋण मी आजही मानते.

बारावीचं वर्ष लागलं की आमच्याकडे घरं चिडीचूप होतात. टीव्हीवर चादर पडते, पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावतात. हिराजीच्या घरी उलटा प्रकार. तो डोलवीच्या कारखान्यातला फोरमन, औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट, मोजणी खात्यातला माणूस, असे एकेक जण गाडीतून गोळा करून घरी आणायचा आणि दर्शनासमोर बसवायचा. "सांगा पोरीला, दिवसभर काय करता." त्याची बायको सुमन वालाची उसळ वाढून वाढून दमायची. मला म्हणाली, "ह्यांची गाडी डेपोत लागते, पन पॅसेंजर घरी येतात."

"अहो, पोरगी बारावीला आहे! तिला वाचू दे की," मी त्याला रागावले.

"म्हनून तर आनतो," तो म्हणाला.

आणि मग व्हायचं ते झालं. पूर्वपरीक्षेत दर्शनाने अर्धा पेपर कोरा सोडला. माझ्याच विषयाचा, जो तिला झोपेतही येत होता. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती पेपरची कोरी पानं उलटत राहिली. मग एकदम रडायलाच लागली. "मॅडम, बाकीच्यांना एकच रस्ता दिसतो, ते पळतात. मला बाबांनी सगळे रस्ते दाखवले. प्रत्येकात काहीतरी वाईट आहे. कुठला निवडला आणि चुकला तर? बाबांनी एवढं केलं, आणि माझंच चुकलं तर? मी सीईटीला बसतच नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी गाडीत चढले ती त्याच्यासमोरच जाऊन उभी राहिले आणि भर गर्दीत त्याला सुनावलं. पोरीवर ओझं टाकलंत तुम्ही, नशिबावर सोडलं असतं तर परवडलं असतं, असं सगळं. तो ऐकत होता. मान कलली नव्हती, सरळ होती. त्याने मला तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून हिराजीने कुणाला काही विचारलं नाही. तिकीट, सुटे, पुढं सरका. गाडीला कसलीतरी अवकळा आली. निडीची एक म्हातारी म्हणाली, "काय झाला रं हिराजी, दातखील बसली काय?" त्याने तिच्या हातावर सुटे मोजले. पंपवाला इंजिनिअर माझ्याकडे बघत होता, मी खिडकीबाहेर. रागाच्या भरात बोललेलं खोटं नव्हतं, पण ती शांतता काही सहन होईना.

परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली होती. एका संध्याकाळी पेणच्या स्टँडवर गाडीत चढते, तर दरवाज्याजवळच्या सीटवर दर्शना. हातात पुस्तक नाही, काही नाही. केस धुळीने माखलेले.

"तू इथे काय करतेस गं?"

"सकाळपासून फिरतेय. पेण-रोहा, रोहा-पेण." ती हळूच म्हणाली, "सगळ्यांचं काम बघून झालं, बाबांचं राहिलं होतं."

"मग? काय बघितलंस?"

ती गाडीत मागे बघत राहिली. तिकडे हिराजी एका माणसाचं गाठोडं वर चढवत होता. कितीतरी दिवसांनी तो त्या माणसाला काहीतरी विचारत होता आणि माणूस गाठोड्याकडे बोट दाखवून सांगत होता.

"मला वाटलेलं, बाबांना हे काम आवडतं कारण ते काम चांगलं आहे," दर्शना म्हणाली. "काम तर काय मॅडम, उभं राहून पाय मोडतात, धूळ, भांडणं, उलट्या. एका बाईच्या पोराने तर बाबांच्या बुटावरच केली. बाबांनी बूट धुतले आणि त्या पोराला विचारलं, सकाळी काय खाल्लंस." ती हसली. "त्यांना कुठेही टाकलं असतं ना, तरी त्यांनी असंच विचारत बसून ते काम गोड करून घेतलं असतं. मग मी एवढी कशाला घाबरू? जिथे नंबर लागेल तिथे जाईन आणि विचारत बसेन."

मी शिक्षक. असल्या वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलावं अशी माझ्याकडून अपेक्षा असते. मी तिच्या शेजारी बसले आणि रुमालाने तिच्या केसांतली धूळ झटकायला लागले.

सीईटी अलिबागला झाली. केंद्राबाहेर झाडाखाली पालकांची जत्रा. कुणी जप करतंय, कुणी घड्याळ बघतंय, कुणाच्या हातात ग्लुकोजची बाटली. हिराजी त्या सगळ्यांत फिरून, कोण कुठून आलंय आणि तिथे काय पिकतं याची चौकशी करत होता. त्यामुळे चार बायांचं रडं थांबलं, असं सुमनने मला नंतर सांगितलं. दर्शना बाहेर आली तेव्हा त्याने पेपर कसा गेला हे विचारलं नाही. "भूक लागली?" एवढंच विचारलं.

एमबीबीएस थोडक्यात हुकलं. नंबर लागला तो जनावरांच्या डॉक्टरकीला, आणि तोही परभणीला. गावातल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. एवढी हुशार पोर, आणि गुरांच्या मागे! त्याचं हिराजीला काही वाटलं नाही. पण तो वेगळ्याच गोष्टीने गडबडला होता. "मॅडम, इतकी वर्षा गाडीवर हाय, पन ह्या लायनीचा एक मानूस माज्या गाडीत चढला नाय. तिकडं काय असतो, कसा असतो, मना कायच म्हाईत नाय. आन् पोरीला एकलीला पाठवायची."

"ती बघेल की," मी म्हटलं.

"बघल," तो म्हणाला. पण चेहरा उतरलेलाच होता.

ती निघाली तो दिवस गणपतीच्या तोंडावरचा. कोकणातल्या जादा गाड्या सुटत होत्या, कंडक्टर लोकांच्या रजा बंद, त्यामुळे सोबत सुमन जाणार होती. पेणच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. मीही कॉलेज सुटल्यावर मुद्दाम थांबले. हिराजी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात खाकीतच आला, ट्रंक सीटखाली सारली, खिडकीची काच वरखाली करून बघितली, पुन्हा बघितली. मग दरवाज्यात येऊन उभा राहिला. त्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. म्हणाला, "म्हात्रे, आज सुटायची डबल घंटी तुम्हीच द्या."

हिराजीने हात वर करून दोरी धरली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि आरशात बघितलं. हिराजी दोरी धरून तसाच उभा. कुणीतरी मागून म्हणालं, "चला ओ, उशीर होतोय," तर दुसऱ्याने त्याला गप्प केलं. सुमनने पदर तोंडाला लावला. जन्मभर ज्या हाताने हजारो लोकांना वाटेला लावलं, तो हात काही खाली येईना.

दर्शना सीटवरून उठून आली. बापाची बोटं एकेक करून तिने दोरीवरून सोडवली.

"बाबा, उतरा. गाडी लेट होतेय."

तो मुकाट्याने खाली उतरला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. घंटी तिनेच दिली, दोनदा.