अनुमोदनवाले काका

नाव पुरतं ऐकून घ्यायच्या आतच काकांचा हात वर जायचा. "माहं अनुमोदन!"

आर्वीच्या बाजारात काकांचं शिलाईचं दुकान होतं आणि पक्षाच्या तालुका बैठकीत पहिल्या रांगेतली खुर्ची. मी त्या बैठकांचं इतिवृत्त लिहायचो. तालुकाध्यक्ष कसा निवडतात, हे तुम्हीही पाहिलं असेलच. वरून निरीक्षक येतात, विश्रामगृहात एकेकाला बोलावून कानगोष्टी करतात आणि नाव खिशात टाकूनच बैठकीला येतात. मग एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, बाकीच्यांनी टाळ्या. तो दुसरा म्हणजे कायम काका.

"तुम्ही कधी नाव का सुचवत नाही?" मी एकदा विचारलं.

"सुचवनाऱ्याले वैरी भेटते, निवडून येनाऱ्याले डोकेदुखी. अनुमोदनवाल्याले चहा भेटते, सर."

आमच्याकडे दोन गट, आणि दोन्हींचे म्होरके सख्खे भाऊ. याच अध्यक्षपदावरून त्यांचं बिनसलेलं. दोघांच्या घरांमधे एकच भिंत, पण बोलणं बंद. दोन्ही घरी जाणारे एकटे काका. काकू गेल्यापासून त्यांचं सकाळचं जेवण थोरल्याकडे, रात्रीचं धाकट्याकडे. निरोप, प्रसाद, दुखण्याखुपण्याची खबर, सगळं त्यांच्याच मार्फत जायचं.

मागच्या निवडीला दोन्ही भाऊ हटून बसले. दोघांनाही चालेल असं एकच नाव निरीक्षकांना सापडलं, आणि त्या माणसाला विचारायचं मात्र राहून गेलं. बैठकीत सूचक उठला, "अध्यक्षपदासाठी मी..." आणि सवयीने काका उभे. "माहं अनुमोदन!" त्यानंतर ऐकू आलं ते त्यांचंच नाव.

सगळे खो-खो हसले. काकांना हात खाली घ्यायचंही सुचेना. ते माझ्या कानाशी वाकले. "सर, मले वाचवा. उद्या तिकिटं वाटा लागन. एकाले देल्लं का दुसऱ्याचं दार बंद. मंग या दोघायच्या मंधात कोन राह्यते?"

मी रजिस्टर उघडलं आणि जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणालो, "स्वतःच्या नावाला स्वतः अनुमोदन चालत नाही. ठराव बाद. बाद झालेलं नाव त्याच बैठकीत पुन्हा घेता येत नाही." असा नियम आहे की नाही, देव जाणे. निरीक्षकांना नागपूर गाठायचं होतं. 'निर्णयाचे अधिकार वरिष्ठांना' असा एका ओळीचा ठराव करून ते निघाले. पुढे वरून तिसरंच नाव आलं आणि दोन्ही भावांनी आपापल्या घरी सारख्याच शिव्या घातल्या.

काका बाहेर पायरीवर बसून घटाघटा पाणी प्यायले. "वाचलो, सर." मलाही इतकं मोकळं वाटलं, की खोटं बोलल्याची लाजसुद्धा वाटली नाही.

नजर अधू झाल्यावर काका नाचणगावला लेकीकडे कायमचे निघाले. स्टँडवर दोघे भाऊ आलेले. थोरल्याने पिशवी चढवली, धाकट्याने खिडकीची जागा धरली. एसटी गेली. आता यांचे निरोप कोण नेणार, या काळजीत मी उभा होतो.

धाकट्याने मोटारसायकल सुरू केली. थोडा वेळ ती तशीच घुरघुरत ठेवली. मग भावाकडे न पाहताच म्हणाला, "उन्हात पायी काऊन जातं? बस मांगं."

थोरला बसला.