थर्माकोलचा सर्फबोर्ड

आज दुपारी बदलापूरला, बेलवलीतल्या एका गच्चीवर मी सर्फबोर्ड विरघळताना पाहिला.

ओळखीतला एक दिग्दर्शक कमी बजेटची कॉमेडी काढतोय. कडका हिरो, सर्फिंग, प्रेम. हिरो तो स्वतःच, हिरोइन माझी मैत्रीण स्नेहल. ती पडद्याबाहेरही त्याच्याच प्रेमात आहे.

मी मोरिवलीला फायबरग्लासच्या कारखान्यात क्वालिटी बघते. त्याला आधीच सांगितलं होतं, थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन लावू नकोस, त्याने थर्माकोल विरघळतो, इपॉक्सी रेझिन घे. त्याचं उत्तर, "तुम्ही टेक्निकल लोक फार निगेटिव्ह असता यार."

इपॉक्सी महाग, म्हणून आज त्याने पॉलिस्टरच ओतलं. बोर्डाला मधोमध खड्डा पडला. कॅमेरावाला म्हणाला, "भाई, ये तो बोट बन गयी." सगळे हसले.

स्नेहलने विचारलं, "यावर उभं कोण राहणार होतं?"

"तूच. लाटेवरचा क्लोजअप तुझा आहे ना!"

"अरे, मला पोहता येत नाही. सांगितलं होतं तुला."

"कॉमेडी आहे, स्नेहू. बुडालीस तर अजून भारी दिसेल."

ती हसली. मी एवढंच विचारलं, "लाइफ जॅकेट आणलंय?" तो नवा थर्माकोल मोजायला लागला, म्हणून मी निघून आले.

आत्ता तिचा मेसेज आलाय: "तो हर्ट झालाय गं. सगळ्यांसमोर विचारायला नको होतंस. रविवारी अलिबागला शूट आहे, नवा बोर्ड बनवतोय."

त्याला जपायला ती आहे. तिला जपणं कोणाच्या बजेटमध्ये बसतं, सांगाल?