विस्तवाचा तास

गणिताच्या बाईंना विचारलं, तर वर्षभरात सांगण्यासारखे एक-दोन किस्से निघतात. कार्यानुभवाच्या बाईचं तसं नसतं. आणि तिच्या तासाला मुलांच्या हातात तापलेलं लोखंड असेल, तर मग विचारूच नका. जुन्या मैत्रिणी चहाला जमल्या की एक सांगायला जावं आणि त्याला चिकटून दुसरा यावा, असं माझं होतं.

मी मूळची दापोलीची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिल्वासात, टोकरखाड्याच्या एका मराठी शाळेत लागले. मुलांचे वडील सायली-नरोलीच्या कारखान्यांत कामाला, बहुतेक धुळे-जळगावकडचे. मुलं घरी खानदेशी बोलायची, गल्लीत गुजराती-हिंदी, आणि वहीवर मराठी लिहायची वेळ आली की त्यांचे हात आखडायचे. माझ्या मनानं घेतलं, की यांना आधी लाकडावर लिहायला शिकवायचं. तापलेल्या टोकानं लाकूड जाळत अक्षरं काढायची, चित्रं काढायची. वूड बर्निंग म्हणतात ते. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे असतं तसलं विजेचं सोल्डरिंग आयर्न, आमच्या बोलण्यातलं सोल्डर, मी वापीहून आणलंसुद्धा.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. ते म्हणाले, "बाई, लोक मुलांना विस्तवापासून लांब ठेवतात. तुम्ही त्यांच्या हातात देणार?"

"सर, यातल्या निम्म्या मुली सकाळी चुलीवर भाकऱ्या टाकून शाळेत येतात."

सर म्हणाले, "ठीक आहे. पण एकाचंही बोट पोळलं, तर त्या दिवसापासून तास बंद."

मी मुलांना आठवडाभर थंड सोल्डर धरायला लावलं. उचलायचं कसं, ठेवायचं कुठे, शेजाऱ्याला द्यायचं कसं. मग तापवलं. कुणाला काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात सर पाहणीला आले. "हे तर तापलेलंच दिसत नाही," म्हणाले आणि सोल्डर सरळ टोकाला धरून उचललं.

वर्गात कुणी हसलं नाही. सर नळाखाली बोटं धरून बराच वेळ उभे होते. मी त्यांच्या मागे. माझा तास गेला, असंच मला वाटत होतं. मग मान न वळवता ते म्हणाले, "बाई, मी मुलांत धरायचा नाही."

*

लाकडाचा प्रश्न होता. सायलीला एका कारखान्यात पॅकिंगला असलेले, वर्गातल्या कैलासचे वडील साहेबांना विचारून तुटक्या खोक्यांच्या फळ्या आणून द्यायला लागले. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं, बाण, फुटणाऱ्या पेल्याचं चित्र, असे काळे ठसे असायचे. मुलं काचपेपरनं घासून घासून ते घालवायची.

कैलासनं ताडावर चढणारा माणूस काढला होता. फारच छान काढला होता, पण बाजूला वर तोंड केलेला मोठा काळा बाण तसाच.

"अरे, हा घासायचा राहिला की."

"राहू द्या बाई," कैलास म्हणाला. "तो अजून चढतोय."

*

लाकडावर जाळलेलं खोडता येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायचे. तरी वार्षिक संमेलनाची पाटी करताना वसंतानं मोठ्या झोकात 'सुस्वागम' लिहिलं. 'त' राहिला. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते आणि तेवढी मोठी दुसरी फळी नव्हती. वसंता रडायच्या बेतात आलेला. मी म्हटलं, "रडून 'त' येणार नाही. जागा कुठे आहे ते बघ."

त्यानं बघितलं. वरच्या बाजूला एक पोपट काढला आणि त्याच्या चोचीत 'त' दिला. पोपट तो घेऊन 'ग' आणि 'म'च्या मधल्या फटीकडे निघालेला.

पाहुणे पाटीपुढे थांबले. "वा, कल्पना कुणाची?"

मोठे सर म्हणाले, "आमच्याकडे पाटी अशीच करतात."

पुढच्या वर्षी वसंतानं शब्द अचूक लिहिला, तर सरांनी पाटी परत पाठवली. पोपट कुठाय म्हणून.

*

आता सुनंदाचं सांगते. नरोलीला भाड्याच्या खोलीत राहायची. हट्टी पोरगी. एकदा ऐन तासाला वीज गेली. मी आवरायला सांगितलं, तर ही उठली, शिपाई रमणभाईंच्या चहाच्या शेगडीत लांब खिळे तापत घातले आणि चिमट्यात धरून काम चालू केलं. मी डोळे मोठे केले, तर म्हणते, "बाई, लाईट गयी ते गयी. चूल कोठे जास?"

त्या वर्षी तिनं आईसाठी पोळपाट केला. त्याच्यावर आईचं नाव जाळलं, कमल. अक्षरं चांगली खोल गेली, पण शिरोरेषा ओढायच्या आतच तास संपला आणि ती पोळपाट तसाच घरी घेऊन गेली.

थोड्या दिवसांनी म्हणाली, "बाई, पीठ अक्षरांत अडकतं. आई रोज सगळं आवरलं की काडी घेऊन कोरत बसते."

मला वाईट वाटलं. "आण इकडे, घासून सपाट करून देते."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. आई नको म्हणते. तिचं आहे, तसंच राहू दे म्हणते.

जूनमध्ये सुनंदाची आई धाकटीचं नाव घालायला शाळेत आली. मी ऑफिसातच होते. कारकुनांनी नेहमीप्रमाणे शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा इथे."

तिनं पॅड परत सरकवला. "अंगठा नको."

टेबलावरचं पेन उचललं, काडीसारखं उभं धरलं आणि वाकून हळूहळू, जोर देत तीन अक्षरं काढली. क, म, ल. प्रत्येक सुटं. सुनंदा शेजारी उभी होती.

कारकुनांनी कागद फिरवून बघितला. "नाव बरोबर आहे. वरची रेघ राहिली."

कमलबाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"ती पोरीनं दिलीच नाही," त्या म्हणाल्या.