आत्याचा नववा नियम

परमुलखात उतरलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी लागतात. एक उशी आणि दुसरी आत्या. उशी कुठल्याही दुकानात मिळते. आत्या मात्र एकाच दुकानात मिळायची, कपडे दुरुस्तीच्या, तेही मागच्या खोलीत, शिलाई मशिनीपुढे, ओठांत टाचण्या धरून बसलेली.

खरं तर ती एकाच भाच्याची आत्या. तो तिच्याकडे चार वर्षं राहिला, नोकरी लागून दुसऱ्या देशात गेला आणि जाताना हाक तेवढी मागे ठेवून गेला. मग काय, येईल तो आत्या म्हणायला लागला. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, टक्कल पडलेला एक रंगारीसुद्धा तिला आत्याच म्हणायचा. आधी ती चिडायची, नंतर ओ द्यायला लागली.

सव्वीस वर्षं झाली होती तिला तिथे. पंधरा नवऱ्याबरोबर, अकरा एकटीने. एवढ्या वर्षांत जिथे जिथे ठेच लागली, तिथला दगड तिने एका वहीत उतरवून ठेवला होता. पहिल्या पानावर ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ आणि खाली नियम. खोली बघायला जायचं ते पावसाच्या दिवशी, म्हणजे भिंत कुठे ओल धरते ते दिसतं. घरमालकासमोर नळ पाच मिनिटं सोडून ठेवायचा, तो चुळबुळ करायला लागला तर ती खोली घ्यायची नाही. किल्ल्या तीन करायच्या, एक आपल्याकडे, एक शेजारी, एक कामावर. घरी फोन करताना रडू येणार असेल तर आधी रडून घ्यायचं, तोंड धुवायचं, मग फोन. कचेरीच्या खिडकीवर विचारलं तेवढंच सांगायचं, आपली रामकहाणी लावायची नाही. आणि सहावा, कचेरीत किंवा दवाखान्यात पाय ठेवला की फोन बंद, कारण मध्येच वाजला की समोरचा डाफरतो.

असे एकूण एकवीस. कुणीतरी ते फोनवरच्या गटात टाकले आणि तिथून ते कुठे कुठे गेले याचा पत्ता आत्यालाही नव्हता. मोठमोठे शिकलेले लोक, पण आत्याचा नियम म्हटलं की मुकाट मान डोलवायचे. आत्यालाही ते गोड लागायचं. खोटं कशाला बोला?

नववा नियम होता गोळ्यांचा. दुसऱ्याच वर्षी, सुट्टीवरून परतताना, विमानतळावर तिच्या पिशवीत पित्ताच्या गोळ्या सापडल्या. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. पाच तास तिला लोखंडी खुर्चीवर बसवून ठेवलं. भाषा येत नव्हती, रडणं तेवढं येत होतं. शेवटी गोळ्या कचऱ्यात गेल्या आणि ती बाहेर आली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. आपल्या गोळ्यांचं नाव इथे काढायचं नाही, असा नियम झाला.

पण नाव काढलं नाही म्हणून दुखणं थोडंच थांबतं? तिथला डॉक्टर भेटायला तीन तीन आठवडे लागायचे आणि आपण आजारी आहोत हे कामावर कळलं तर काम जाईल, ही प्रत्येकाला धास्ती. म्हणून गावाहून येणारा जो तो चार जणांच्या गोळ्या घेऊन यायचा आणि त्या आत्याकडे पोचत्या करायचा. आत्याने मशिनीखालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात पाकिटं, प्रत्येकावर तिच्या अक्षरात नाव: रंगारी, गुडघेवाली, पाववाला. ज्याचं त्याला देताना एक पट्टी ती राखीव म्हणून काढून ठेवायची, वेळ काही सांगून येत नाही म्हणून.

पाववाला म्हणजे बेकरीत कामाला असलेला एक चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. गावी असताना त्याच्या पायात रक्ताची गाठ झाली होती, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज एक. बेकरीत कुणाला याची वार्ताही नव्हती. त्याच्या बायकोला येऊन आठ महिने झाले होते आणि पोरीने आत्याचे एकवीसच्या एकवीस नियम पाठ केले होते.

त्या मंगळवारी दुपारी तिचाच फोन आला. आत्या एका हॉटेलच्या नोकरांच्या पँटी आखूड करत होती. बारा नग, चार वाजेपर्यंत द्यायचे, आणि मालकीणबाई दर दहा मिनिटांनी डोकावून जात होत्या. फोन खांद्यात धरून आत्या ऐकत होती. बायको धापा टाकत सांगत होती, की पावाचे ट्रे गाडीत चढवताना हे फळीवरून घसरले, लोखंडी कडेवर पोटावर आपटले, आतल्या आत रक्त येतंय, लगेच पोट उघडावं लागेल म्हणतायत. तिच्या हातात भरायचा कागद दिला होता. त्यात एक रकाना होता, रुग्ण रोज कुठली औषधं घेतो. तिथे काय लिहू?

आत्याने टाचण्यांमधूनच सांगितलं, “काही नाही, असं लिही. नववा नियम.”

“बरं,” म्हणाली बिचारी, आणि फोन ठेवला.

आत्याने दुमड घातली, टाचणी लावली, मशीन चालवली. देवा, वाचव रे त्याला, असंही मनात म्हणून झालं. दहावी पँट संपली, अकरावी घेतली. ती सरळ करताना पाय खणाला लागला आणि आतला पत्र्याचा डबा वाजला.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. अहो, परवाच्या रविवारी तिने स्वतःच्या हाताने पाववाल्याचं पाकीट दिलं होतं. ते घेऊन आलेल्या माणसाने बजावून सांगितलं होतं, आत्या, या गोळीवर असताना मार लागला की रक्त थांबत नाही, त्याला जपायला सांगा. त्यावर आत्या हसली होती. पाववाल्याला मारतंय कोण, म्हणाली होती.

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सात वेळा लावला. दवाखान्यात पाय ठेवला की फोन बंद. आत्याला विचारण्यापुरता उघडलेला फोन पोरीने शहाण्यासारखा पुन्हा बंद केला होता.

डबा काखोटीला मारून आत्या उठली. मालकीणबाई म्हणाल्या, चार वाजता माणूस यायचाय. आत्याने टाचण्या तळहातावर काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उत्तर न देता निघून गेली.

कोपऱ्यावर बस उभी होती, तीत चढली. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, पण त्या दिवशी पुढे रस्ता खणलेला. बस दोन पावलं चालायची आणि थांबायची. आत्या दाराशी दांडी धरून उभी होती. हाताला चाळा म्हणून तिने पर्समधली वही काढली आणि नववा नियम उघडला. शाई फिकट झाली होती, पण अक्षर तिचंच. ‘विमानतळावर गोळ्यांचं नाव काढायचं नाही. पुढच्या वेळी चिठ्ठी घेऊन यायची.’ तिने तीनदा वाचलं. विमानतळ कधी गळला? चिठ्ठी कधी गळली? गटात टाकणाऱ्याने गाळली म्हणावं, तर इतकी वर्षं ती स्वतः तरी कुठे म्हणत होती? तोंडाने सांगताना नियम आखूड आखूड होत गेला होता आणि कापणारी तीच होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. दोन थांबे आधीच ती उतरली आणि पळत सुटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, काखेत बिस्किटांचा डबा. लोक बघत होते.

दवाखान्याच्या दारात यंत्रातून नंबर निघाला, चौऱ्याहत्तर. पाटीवर एकावन्न. रांग मोडायची नाही, हाही वहीतलाच नियम. आत्याने नंबर चुरगळला आणि थेट खिडकीवर गेली. आतल्या माणसाने मान वर न करता बसायला सांगितलं. तिने पाववाल्याची राखीव पट्टी काचेवर आपटली. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. कचेरीची भाषा तिला फाडफाड यायची, भाडेकरार, मुदतवाढ, पत्ताबदल, सगळं. पण रक्त पातळ करणं याला तिकडे काय म्हणतात हे ती कधी शिकलीच नव्हती. त्या गोष्टीचं नावच काढायचं नव्हतं ना.

तेवढ्यात एक नर्स ढकलगाडी घेऊन काचेच्या दारातून आत निघाली. आत्या तिच्या मागोमाग घुसली. रखवालदाराने तिचा दंड धरला, डबा खाली पडला, झाकण उडालं आणि पंधरा जणांची पाकिटं फरशीवर पसरली. आत्याने पट्टी धरलेला हात उंच केला आणि येत होते ते चार शब्द ओरडली, बेकरीचा माणूस, पोट, रक्त, थांबत नाही. नर्स वळली. पट्टी हातात घेऊन मागचं छापील नाव तिने वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. एकच प्रश्न विचारला, शेवटची कधी घेतली?

“आज सकाळी,” मागून उत्तर आलं. पाववाल्याची बायको आवाज ऐकून बाहेर आली होती. बंद फोन हातात घट्ट धरलेला.

नर्स गाडी तिथेच सोडून आत पळाली.

मग जे दोन तास वाट बघणं झालं, ते वैऱ्यावरही येऊ नये. बायको बाकावर या टोकाला, आत्या त्या टोकाला. मध्ये एक अख्खा माणूस बसेल एवढी जागा. मग बायको भिंतीकडे बघत म्हणाली, “पाकीट तुम्हीच दिलं होतंत ना? म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं,” आत्या म्हणाली. “विचार न करता बोलले. हातात काम होतं आणि तोंडात नियम होता.”

“मलाही माहीत होतं हो. मी त्यांची बायको. तरी मी तुम्हाला विचारलं.” एवढं बोलून ती रडायला लागली. आत्याला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तो हक्क आपल्याला राहिलाय असं तिला वाटेना.

मधल्या वेळात करड्या कोटातली एक अधिकारी बाई आली. पाकिटं गोळा करून तिने डब्यात भरली होती. हे कुणाचं, असं तिने विचारलं. पाकिटांवरची अक्षरं तिथे कुणाच्या बापाला वाचता येणार नव्हती. आत्याच्या पर्समध्ये तिच्या स्वतःच्या राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीचे कागद होते, पुढच्या महिन्यात द्यायचे. विचारलं तेवढंच सांग, असं सव्वीस वर्षांची सवय तिला बजावत होती. आत्या म्हणाली, डबा माझा. लोक आणतात, मी ठेवते, मी वाटते. आणि कागदावर ‘काही नाही’ लिहायलाही मीच सांगितलं, या मुलीचा दोष नाही. नावं मात्र मी सांगणार नाही, ती माणसं स्वतः डॉक्टरकडे येतील, मी आणीन. बाईने तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. डबा घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, इथेच बसा, मी जबाब लिहून घ्यायला येते.

साडेपाचच्या सुमारास नर्स बाहेर आली. ऑपरेशन थांबवून आधी रक्त घट्ट व्हायचं औषध दिलं, मग पोट उघडलं. निभावलं. आजची रात्र आणि उद्याचा दिवस नीट गेला, तर माणूस घरी येईल. त्या गोळीचं कळलं नसतं तर, असं म्हणून तिने नुसती मान हलवली. बायको आत धावली. दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि आत्याच्या हातात पाण्याची बाटली ठेवून गेली.

आत्याने बाटलीचं झाकण पिरगाळलं. झाकण उघडेना.

समोरच्या बाकावरून एक मुलगी उठून तिच्याजवळ आली. नवीनच आलेली दिसत होती, कोटाची बाही चार बोटं लांब. तिने बाटली उघडून दिली आणि इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, “मावशी, रागावू नका, आपली भाषा ऐकली म्हणून बोलते. त्या बाई लिहून घ्यायला येतील ना, तेव्हा गोळ्यांचं नावसुद्धा काढू नका. आमच्यात नियमच आहे, नववा.”

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. नियम कुणाचा, असं तिने विचारलं. मुलगी म्हणाली, आत्या म्हणून कुणी आहेत. फार जुन्या, आता हयात आहेत की नाही देव जाणे. पण त्यांचं ऐकलं की कुणाचं वाईट होत नाही म्हणतात.

“तुझं कोण आहे आत?”

“सासूबाई. सकाळपासून तीनदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांना कारणच सापडत नाहीये.”

“रोज काय घेतात त्या?”

मुलीने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. “काही नाही,” म्हणाली.

आत्याने बाटली बाकावर ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून उठली.

“ऊठ. ती आत्या मीच. पिशवी घे आणि चल.”

समोरून करड्या कोटातली बाई कागद घेऊन येत होती. आत्याने तिला हातानेच थांबायला सांगितलं आणि मुलीच्या लांब बाहीला धरून ती काचेच्या दाराकडे निघाली.