खाटांच्या हिरव्या रंगाचं घड्याळ

बाजारपेठेच्या दुसऱ्या गल्लीत घड्याळदुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान कसलं, हात पसरून उभं राहिलं तर दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढी ती जागा. पुढे काउंटरमागे मिस्त्री बसतो, डोळ्यात भिंग खुपसून. मागे पडद्याआड त्याची बायको बसते, नाकाला फडकं बांधून. मिस्त्री घड्याळाचं पोट बघतो आणि बायको कातडं बघते, अशी त्यांची तीस वर्षांची वाटणी.

बायकोला सगळी पेठ चकाकी म्हणते. तिचं खरं नाव नवऱ्यालासुद्धा जरा थांबून आठवावं लागतं. लग्नाआधी ती नळाच्या कारखान्यात तोट्या घासायची. दिवसाला दोनशे तोट्या, आणि प्रत्येकीत तोंड दिसलं पाहिजे. "मी हिला पहिल्यांदा पाहिली तेव्हा ही तोटीत स्वतःचं तोंड बघत होती," असं मिस्त्री चारचौघांत सांगतो. मग पडद्याआडून आवाज येतो, "तोंड नव्हते बघत. तोटी बघत होते. तोंडात काय होतं बघण्यासारखं?"

पण हात असा, की मोटारीखाली आलेलं घड्याळ तिच्याकडून परत गेलं तर गिऱ्हाईक आधी विचारी, "हे माझंच का?" मोटरवर कापडी चाक गरगर फिरायचं, त्याला ती पॉलिशची साबणासारखी हिरवी वडी लावायची आणि घड्याळाची रिकामी डबी दोन बोटांत धरून चाकाला अशी टेकवायची, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळाला हात टेकवते. घासून झालं की डबी मिस्त्रीपुढे ठेवून म्हणायची, "शोधा." मिस्त्री भिंग लावून दहा मिनिटं शोधायचा. एवढ्या वर्षांत त्याला एकही चरा सापडला नाही.

तिचं एकच म्हणणं होतं. चरा म्हणजे मळ. मळ काढायचा असतो, त्याची चौकशी करायची नसते.

तर एका मंगळवारी दुकानात एक पन्नाशीचा माणूस आला. इस्त्रीचे कपडे, हातात रुमालाची पुरचुंडी. पुरचुंडीतून घड्याळ निघालं तसा मिस्त्री बसल्या जागी सरळ झाला. असल्या घड्याळाची चित्रंच त्यानं जास्त पाहिली होती. पोलादाची डबी, वर सोन्याची कड, आणि आतलं यंत्र असं, की मिस्त्रीनं झाकण उघडलं ते लावायचं विसरला. पण बाहेरून? बाहेरून त्या घड्याळाची पार रया गेली होती. चावीच्या बाजूला तर जणू कुणी करवत चालवली होती.

"बंद पडलंय," माणूस म्हणाला. "आईचं आहे. तिला सांगितलंय, दुरुस्तीला देतो म्हणून. पण मला ते नव्यासारखं करून हवंय. रविवारी तिला पंचाहत्तर पूर्ण होतायत. एकही चरा नको."

"साहेब, पॉलिश केलं की पोलाद जातं," मिस्त्री म्हणाला. "थोडंच जातं, पण गेलेलं परत येत नाही. भिंत लिंपता येते, डबी लिंपता येत नाही. कडा बोथट होतात. असल्या घड्याळांचे शौकीन तर म्हणतात, चरे राहू द्या, पण हात लावू नका."

"शौकिनांना घालायचंय का आईला?"

मिस्त्रीनं नेहमीप्रमाणे नाव विचारून कार्ड काढलं. ही त्याची जुनी पद्धत. कुठलंही घड्याळ हातात घेतलं, की आधी त्याचं चित्र काढायचं आणि त्यावर पेन्सिलीनं एकूण एक चरा मांडायचा, म्हणजे उद्या कुणी "हा तुम्हीच पाडलात" म्हणून गळ्यात पडायला नको. एरवी पाच-सात रेघांत काम भागे. या वेळी पेन्सिलीला दोनदा टोक करावं लागलं. त्रेचाळीस चरे भरले.

यंत्र बाहेर काढून मिस्त्रीनं रिकामी डबी पडद्याआड सरकवली. चकाकीनं फडकं बांधलं, मोटर सुरू केली. डावी बाजू सोपी होती, वरवरचे नऊ चरे. तीनदा चाकाला टेकवली आणि ती बाजू पाण्यासारखी झाली. तिनं डबी फिरवून चावीची बाजू वर घेतली.

इथे मात्र चाकानं भागणार नव्हतं. चरे खोल होते. आधी काचकागदानं घासावं लागणार, आणि किती घासायचं ते खोली बघून ठरवायचं. तिनं भिंग लावलं.

सगळे चरे एकाच दिशेनं तिरपे गेलेले. घड्याळ असं कुणाचं आपटत नाही. दाराला आपटतं, भिंतीला घासतं, चरे सैरावैरा पडतात. हे तर कुणी धरून, एकाच अंगानं, पुन्हा पुन्हा ओढल्यासारखे. आणि त्यांच्या तळाशी काहीतरी होतं. तिनं सुईचं टोक घातलं. मोहरीच्या शंभराव्या भागाएवढी एक कपची नखावर आली.

हिरवी.

तिला वाटलं, आपल्याच वडीचा साबण. तिनं बोटात चुरडली. साबण पसरतो, ही मोडली. रंग होता, तेलरंग. दुसऱ्या चऱ्यात हिरवा. तिसऱ्यात हिरवा. पलीकडच्या जरा ताज्या चऱ्यांत पांढरा.

"अहो," तिनं मोटर बंद केली. "कुणाचं घड्याळ हे?"

"सिस्टरबाईंचं. त्यांचा मुलगा आला होता."

चकाकीनं डबी पाटावर ठेवली. अगदी सावकाश, जशी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी इस्पितळातल्या बाळंतपणाच्या वॉर्डच्या सिस्टर. छत्तीस वर्षं. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. हे घड्याळ त्यांना एका गिरणीमालकानं दिलेलं, त्याची बायको दोन दिवस अडली होती आणि बाईंनी मायलेकरं दोन्ही वाचवली होती, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. मालकाला वाटलं, बाई ते पेटीत जपून ठेवतील. बाई दुसऱ्याच दिवशी ते घालून कामावर. तेही उलटं, तबकडी मनगटाच्या आत, नाडी मोजताना समोर दिसावी म्हणून. कुणी हटकलं तर म्हणत, "पेटीत ठेवायला ते काय मढं आहे?"

आणि चकाकीला तो आवाज आठवला.

एकोणतीस वर्षांपूर्वी, खिडकीजवळची तीन नंबरची खाट. लोखंडी, हिरव्या रंगाची. सकाळपासून दुपार झाली तरी पोरगी यायचं नाव घेईना. चकाकीचं आई गं म्हणून झालं, बाप रे म्हणून झालं, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. मग सिस्टरबाईंनी आपलं मनगट पुढं केलं. "याला धर आणि ओढ. तुटत नाही मी." तिनं दोन्ही हातांनी ओढलं. मनगट खाटेच्या कठड्यावर दाबलं गेलं आणि कर्रर्र असा आवाज झाला, लोखंडावर पोलाद घासल्याचा. ती तोट्या घासणारी बाई. तशा मरणाच्या कळेतही तिच्या मनात आलं, अरे, कुणाचा तरी माल खराब झाला.

तो माल तिच्यापुढे होता. पुढे कधीतरी खाटांना पांढरा रंग दिला गेला. म्हणजे हिरवे चरे जुन्या बायकांचे, पांढरे नंतरच्यांचे. एकेक चरा म्हणजे एकेक बाई, आणि एकेका बाईमागे पेठेत हिंडणारं एकेक माणूस. तिनं हिरवे मोजले. अकरा. त्या अकरांतला एक तिचा.

मग तिची नजर डाव्या बाजूकडे गेली. ती बाजू लखलखत होती. तिथे तिनं भिंग लावलंच नव्हतं. कशाला लावायचं? मळाची काय चौकशी? तिनं मोटरवरच्या चाकाकडे पाहिलं. कापड काळं झालं होतं. ते नऊ त्या काळ्यात होते.

"अगं, काय झालं?" मिस्त्रीनं पडदा सारला.

तिनं त्याला भिंग दिलं आणि सगळं सांगितलं. मिस्त्री वाकून एकेक चरा बघत गेला. शेवटी म्हणाला, "गिऱ्हाइकाला शब्द दिलाय आपण."

"तुम्ही दिलाय. मी घासणारी आहे."

"आता एक बाजू आरसा आणि एक बाजू अशी. लोक म्हणतील, चकाकीची मोटर मधेच जळली."

"म्हणू देत. आणि हे बघा, डबी त्या घड्याळं धुण्याच्या यंत्रात टाकायची नाही. रंग निघेल. कोरड्या फडक्यानं पुसा."

दुसऱ्या दिवशी डबी रुमालात बांधून ती सिस्टरबाईंच्या घरी गेली. मुलगा बाहेर गेला होता. बाई खिडकीशी खुर्चीवर बसून सदऱ्याला बटण लावत होत्या. सुईत दोरा स्वतःच ओवत होत्या, बिनचष्म्यानं. चकाकी दारातच उभी राहिली. चाळीस मण बोलणं घेऊन आली होती, पण नुसती पदराला हात पुसत राहिली.

"ये की. कोण गं तू?"

"तीन नंबरची खाट. खिडकीजवळची. एकोणतीस वर्षं झाली. मुलगी झाली होती."

"चेहरे नाही गं आठवत मला," बाई म्हणाल्या. "मी कुठे चेहरे बघत होते!"

चकाकीला हसू फुटलं. तिनं सगळं सांगून टाकलं. मुलाचा बेत, डावी बाजू, हिरवा रंग. बाईंनी डबी हातात घेऊन अंगठा फिरवला. चावीच्या बाजूवर तो ओळखीच्या वाटेनं गेला. डाव्या बाजूवर घसरला.

"नऊ होते तिकडे," चकाकी म्हणाली. "मी न बघता पुसले."

"पुसले तर पुसले. त्यांची पोरं काही पुसली गेली नाहीत."

"मग उरलेल्यांचं काय करू, बाई? तुम्ही सांगाल तसं."

"मी का सांगू? मी हे घड्याळ एकदाही आपटलेलं नाही. तुम्ही बायकांनी आपटलंत. तुमचे चरे, तुम्ही ठरवा. मला सेकंदकाटा चालू मिळाला म्हणजे झालं." बाईंनी डबी परत दिली. मग सुई उचलता उचलता म्हणाल्या, "आणि माझ्या मुलाला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. रविवारी मी चांगलं तोंड वासून आश्चर्य करणार आहे. काल तो घड्याळ घेऊन गेला तेव्हाच ओळखलं मी, तेव्हापासून आरशासमोर सराव चाललाय."

त्यांनी बटणाचा दोरा दातांनी तोडला. तेव्हा चकाकीला त्यांचं डावं मनगट दिसलं. काटकीएवढं. या काटकीला धरून बायकांनी अख्खं गाव ओढून बाहेर काढलं होतं. तिला पाया पडावंसं वाटलं, पण बाई म्हणाल्या, "जा आता, मला दुसरं बटण सापडत नाहीये," आणि ते राहूनच गेलं.

शनिवारी मुलगा आला तेव्हा मिस्त्रीनं यंत्र बसवलं होतं, काटे चालू होते, मागचं झाकण तेवढं उघडं होतं. मुलानं घड्याळ फिरवून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? मी काय सांगितलं होतं? एकच बाजू केलीत?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं, पण चकाकी पडद्याबाहेर आली होती. गिऱ्हाइकासमोर ती वर्षातून एकदासुद्धा येत नसे. नाकाचं फडकं गळ्यात, नखं काळी. तिनं भिंग पुढे केलं.

"आधी बघा. मग शिव्या द्या."

"बघायचं काय त्यात? मी नव्यासारखं करा म्हणालो होतो."

"नवं घड्याळ दुकानात मिळतं. हे मिळत नाही. बघा म्हणते ना."

त्यानं चिडूनच भिंग लावलं. ती शेजारी उभी राहून सांगत गेली. हा हिरवा, खाटांचा पहिला रंग. हा पांढरा, नंतरचा. कार्डावर त्रेचाळीस आहेत, नऊ मी खाल्ले, चौतीस उरले. हिरव्या अकरांतला एक माझा, पण कुठला ते देवालाही ठाऊक नसेल. आता हे घासायचे असतील तर मी घासते, संध्याकाळपर्यंत आरसा करून देते. पण तुम्ही इथे समोर बसायचं, आणि एकेकावर बोट ठेवून म्हणायचं, हा पुसा.

माणूस वाकलेलाच राहिला. भिंगातला डोळा मोठा दिसत होता.

"ती घरी यायची तेव्हा मनगटावर वळ असायचे," तो म्हणाला. "निळे. विचारलं की म्हणायची, बसमध्ये गर्दी होती. मी लहानपणी बसवाल्यांचा फार राग करायचो."

त्यानं भिंग काढून अंगठा त्या चऱ्यांवर फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग घड्याळ मिस्त्रीपुढे सरकवलं.

"लावा झाकण."

"एक काम राहिलंय," मिस्त्री म्हणाला.

घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्त करणारा आपली खूण कोरतो. सुईच्या टोकानं, बारीक. बाहेरच्या कुणाला ती कधी दिसत नाही. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीलाच दिसते. या झाकणात आधीच्या तीन कारागिरांच्या खुणा होत्या. मिस्त्रीनं सुई उचलली, थोडा थांबला, आणि ती बायकोच्या हातात दिली.

"मी?" चकाकी म्हणाली. "मी कधी चरा पाडलाय का जन्मात?"

"पाडलायस की. अकरांतला एक."

तिनं काळी नखं साडीला पुसली. झाकण डाव्या हातात धरलं. जो हात सबंध आयुष्य पोलादावरून रेघा उतरवत आला, तो पहिल्यांदा रेघ चढवायला निघाला होता. तिनं श्वास रोखला. सुई टेकवली आणि तीन तिरप्या रेघा ओढल्या, तीन नंबरच्या खाटेसाठी.

कर्र, कर्र, कर्र.

मग झाकण उजेडाकडे धरून तिनं मिस्त्रीला म्हटलं, "शोधा."

मिस्त्रीला भिंग लावावं लागलं नाही.